कारचा विमा नेमका किती घ्यावा? मराठवाड्यातील गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉलिसीचे नूतनीकरण जवळ आले की लातूर, नांदेड, बीड, जालना अशा सगळ्याच बाजूंनी जवळपास तेच प्रश्न येतात आणि बहुतेकांचा सूर एकच असतो: हप्ता कमी कसा करता येईल? पुढील उत्तरे देताना आम्ही प्रश्न थोडा फिरवून घेतला आहे. कोणते नुकसान स्वतःच्या खिशातून सोसता येईल आणि कोणते सोसता येणार नाही, हे आधी ठरवावे. मग विमा किती घ्यावा याचा हिशेब बराच सोपा होतो. सर्व प्रश्न खासगी वापराच्या, म्हणजे पांढऱ्या नंबरप्लेटच्या, कारविषयी आहेत.

१. कायद्याने कमीत कमी किती विमा असला पाहिजे?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या हानीचा विमा, सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणल्यास कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसऱ्या वेळी दंड ४,००० रुपये होतो. थर्ड पार्टीचा हप्ता कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवते. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार तो १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असून त्यावर जीएसटी वेगळा लागतो. त्यामुळे या भागात ‘स्वस्त कंपनी’ शोधण्यात वेळ घालवू नये.

नव्या गाडीच्या मालकांनी एक गोष्ट तपासावी. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. ‘शोरूमवाल्याने तीन वर्षांचा विमा करून दिला आहे’ असे सांगणाऱ्या अनेकांच्या गाडीवर दुसऱ्या वर्षी प्रत्यक्षात फक्त थर्ड पार्टीच उरलेली असते, आणि हे कळते ते गाडी गॅरेजला ओढून नेल्यावर.

२. थर्ड पार्टीची रक्कम किती असते? ती वाढवून घ्यावी लागते का?

वाढवावी लागत नाही. मृत्यू किंवा शारीरिक इजा यांसाठी या विम्याला रकमेची मर्यादाच नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती कंपनीने द्यायची असते. हे महत्त्वाचे का आहे, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, औसा रस्त्यावर तुमच्या कारच्या धडकेत ३२ वर्षांचा एक दुकानदार दगावला. त्याची कमाई महिना २०,००० रुपये होती आणि पत्नी, दोन मुले व आई त्याच्यावर अवलंबून होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे वार्षिक २,४०,००० रुपयांत भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवले की ३,३६,००० होतात. त्यातून स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा केला की २,५२,००० उरतात आणि त्या वयाच्या १६ या गुणकाने गुणले की ४०,३२,००० रुपये होतात. अंत्यसंस्कार आणि इतर ठरीव रकमा यावर वेगळ्या, शिवाय व्याज. विमा नसेल तर ही रक्कम गाडीमालकाकडून, म्हणजे प्रसंगी त्याच्या शेतीतून आणि घरातून वसूल होते. कारच्या विम्यातील सर्वांत स्वस्त भाग सर्वांत मोठे संकट पेलतो, आणि लोक मात्र त्यालाच ‘पोलिसांना दाखवायचा कागद’ म्हणतात.

३. दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान ६,००० रुपयांपर्यंत मर्यादित केले तर हप्ता कमी होतो, असे एजंट सांगतो. तसे करावे का?

करू नये. मालमत्तेच्या नुकसानीसाठी नेहमीची मर्यादा साडेसात लाख रुपये आहे. ती ६,००० वर आणल्याने वर्षाला सुमारे शंभर रुपयेच वाचतात. समोरच्या गाडीचे नुसते दार चेपले तरी ६,००० रुपये पुरत नाहीत. कोणाची दुभती म्हैस धडकेत दगावली तर हिशेबच नको.

४. थर्ड पार्टी विम्यात माझ्या गाडीत बसलेल्या घरच्या लोकांना संरक्षण असते का?

बहुतेकांना वाटते की असते. केवळ थर्ड पार्टी पॉलिसी असलेल्या खासगी कारमधून फुकट प्रवास करणाऱ्या व्यक्ती, म्हणजे घरचे, पाहुणे, मित्र, या पॉलिसीच्या सक्तीच्या संरक्षणात येत नाहीत. पॅकेज पॉलिसी, जिला आपल्याकडे ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात, ती असेल तर गाडीतील प्रवाशांविषयीचे दायित्व कंपनीवर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे.

तुळजापूरला किंवा पंढरपूरला सगळे कुटुंब एकाच गाडीत घालून जाण्याची आपल्याकडे रीतच आहे. त्यामुळे आमच्या मते फुल इन्शुरन्स घेण्याचे पहिले कारण गाडीचा पत्रा नसून गाडीत बसलेली माणसे हे आहे. त्याशिवाय प्रवाशांसाठी वैयक्तिक अपघात संरक्षण माणशी दोन लाख रुपयांपर्यंत घेता येते, त्याचा हप्ता किरकोळ असतो, आणि कोणाची चूक होती हे सिद्ध होण्याची वाट न पाहता ते पैसे मिळतात. मात्र गाडीच्या आसनक्षमतेपेक्षा जास्त माणसे बसवली असतील तर क्लेमच्या वेळी वाद होणार हे गृहीत धरावे.

५. गाडी वडिलांच्या नावावर आहे, पण चालवतो मी. पॉलिसीतील १५ लाखांचे संरक्षण मला मिळेल का?

नाही. हे ‘मालक-चालक’ वैयक्तिक अपघात संरक्षण आहे. ते फक्त नोंदणीकृत मालकाला, आणि त्याच्याकडे वैध परवाना असेल तरच, लागू होते. शिवाय मालकाच्या परवानगीने गाडी चालवणारा मुलगा कायद्याच्या दृष्टीने मालकाच्याच जागी उभा असतो, त्यामुळे स्वतःच्या चुकीने झालेल्या अपघातात तो ‘थर्ड पार्टी’ म्हणूनही भरपाई मागू शकत नाही. म्हणजे जो रोज गाडी चालवतो, नेमका तोच उघडा राहतो.

यावर उपाय दोन आहेत. मुलाने स्वतःच्या नावावर स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी. ती मोटारसायकलवर, शेतात, कामावर, सगळीकडे उपयोगी पडते. गाडी मुलाच्या नावावर करणे हा दुसरा मार्ग आहे, पण केवळ विम्यासाठी ते करण्याची गरज नाही. वडिलांकडे परवानाच नसेल तर त्यांच्या नावाने या संरक्षणाचा हप्ता भरण्याची सक्ती नसते. तसे कंपनीला सांगून तो काढून घ्यावा. त्याचप्रमाणे मालकाकडे आधीच किमान १५ लाखांची वैयक्तिक अपघात पॉलिसी असेल तर प्रत्येक गाडीबरोबर पुन्हा घ्यावी लागत नाही. पगारी ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याच्याविषयीचे दायित्व सुमारे ५० रुपयांच्या जादा हप्त्यात पॉलिसीला जोडता येते, ते अवश्य जोडावे.

६. आयडीव्ही किती ठेवावी? एकाच गाडीला तीन कंपन्या तीन आकडे देतात.

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तर मिळणारी कमाल रक्कम. ती गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या विक्री किमतीतून, म्हणजे रोड टॅक्स आणि नोंदणीचा खर्च सोडून, घसारा वजा करून काढतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांनंतर आकडा विमा कंपनी आणि मालक या दोघांच्या संमतीने ठरतो.

नऊ लाखांच्या गाडीची तिसऱ्या वर्षातील आयडीव्ही यानुसार ६,३०,००० रुपये येते. ती साडेचार लाख दाखवून कोणी हप्ता कमी करून दिला तर वाचतात फार तर दीड-दोन हजार रुपये, आणि त्याचे दोन तोटे होतात. पहिला उघड आहे: गाडी चोरीला गेली की १,८०,००० रुपये कमी मिळतात. दुसरा सहसा कोणी सांगत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. ६,३०,००० च्या आयडीव्हीवर ही रेषा ४,७२,५०० रुपयांवर आहे, तर साडेचार लाखांवर ती ३,३७,५०० रुपयांवर येते. म्हणजे दुरुस्त होऊ शकणारी गाडी मोडीत जाते आणि हातात पडते ती कमी रक्कम.

आयडीव्ही फुगवूनही उपयोग नाही, कारण दुरुस्तीचे पैसे बिलाप्रमाणेच मिळतात. पाच वर्षांवरील गाडीसाठी आपल्या गावच्या बाजारात तसे मॉडेल आज कितीला विकले जाते ते विचारावे आणि त्याच्या जवळचा आकडा धरावा. गाडीवर कर्ज असेल तर टोटल लॉसचे पैसे आधी बँकेकडे जातात. म्हणून उरलेल्या कर्जापेक्षा आयडीव्ही कमी होत नाही ना, हेही पाहावे.

७. झिरो डेप घ्यावे का, आणि किती वर्षे?

झिरो डेप म्हणजे सुट्या भागांवर घसाऱ्याची कपात न करता क्लेम देणारे जादा संरक्षण. गाडी पाच वर्षांच्या आतील असेल तर ते घ्यावे. त्याशिवाय क्लेममध्ये किती कात्री लागते ते पाहा. साडेतीन वर्षांची कार रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली, असे धरू. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की असे क्लेम येतातच. बंपर ८,०००, दोन हेडलॅम्प १४,०००, बोनेट १०,०००, समोरची काच ९,००० आणि मजुरी ९,०००, असे एकूण ५०,००० रुपये झाले. प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के कपात असल्यामुळे बंपर आणि हेडलॅम्पचे ११,००० जातात. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के, म्हणून बोनेटचे २,५००. काच आणि मजुरीवर कपात नाही. वर सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये मालकानेच सोसायची रक्कम, १,००० रुपये (१,५०० सीसीपुढे २,०००). म्हणजे १४,५०० रुपये खिशातून जातात. झिरो डेप असते तर फक्त १,००० गेले असते.

आजच्या गाड्यांचा पुढचा भाग बहुतेक प्लॅस्टिकचाच असतो, हे त्याचे मुख्य कारण. काही कंपन्या सात वर्षांपर्यंतही झिरो डेप देतात, पण वर्षाला किती क्लेम चालतील याची मर्यादा घालतात. ती लेखी पाहून घ्यावी.

८. इंजिन प्रोटेक्ट आपल्याकडे लागते का? मराठवाडा तर दुष्काळी भाग.

हा समज सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने पुसून टाकायला हवा होता. सिंदफणा, मांजरा, तेरणा या नद्यांच्या काठी आणि फरशी पुलांवरून रोज जा-ये असेल, तर हे संरक्षण घ्यावे असे आमचे स्पष्ट मत आहे.

पुराने झालेले नुकसान पॅकेज पॉलिसीत मुळातच येते: सीट, वायरिंग, पुरात वाहून गेलेली गाडी, सगळे. अडचण इंजिनाची आहे. पाण्यात बंद पडलेली गाडी मालकाने पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला की सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान पुराने नव्हे, तर चावी फिरवल्याने झाले, असे म्हणून कंपनी ते नाकारते. इंजिन प्रोटेक्ट त्यासाठीच असते. पण काही पॉलिसींत ‘पाण्यात पुन्हा सुरू केल्यास लागू नाही’ अशीही अट असते. म्हणून हे संरक्षण असो वा नसो, गाडी बंद पडली की चावीला हात लावू नये, फोटो काढावेत आणि टो करून न्यावी. पुलावर पाणी दिसत असताना मुद्दाम गाडी घातली असेल तर कंपनी हलगर्जीपणाचा मुद्दा उपस्थित करू शकते.

९. बाकीच्या ॲड-ऑनपैकी, म्हणजे जादा हप्ता भरून जोडायच्या संरक्षणांपैकी, कोणते घ्यावेत?

‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ पहिली दोन-तीन वर्षे उपयोगाचे आहे, विशेषतः गाडी कर्जावर असेल तर. टोटल लॉसमध्ये ते आयडीव्ही आणि बिलाची किंमत यांतील फरक भरून देते. समृद्धी महामार्गाने नेहमी प्रवास करणाऱ्यांनी टायरच्या संरक्षणाचा विचार करावा, कारण मूळ पॉलिसीत नुसता टायर फुटल्याचे काहीच मिळत नाही. त्याच वेळी गाडीचेही नुकसान झाले तरच टायरची निम्मी किंमत मिळते. चावी हरवणे, गाडीतील सामान, रोजचा प्रवासभत्ता ही नुकसाने खिशातून सोसता येतात, म्हणून ती सोडावीत.

१०. लहान क्लेम करावा की नो क्लेम बोनस राखावा?

नो क्लेम बोनस म्हणजे क्लेम न केल्याबद्दल गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात मिळणारी सूट. समजा, गाडीच्या नुकसानीच्या भागाचा मूळ हप्ता ८,००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्क्यांवर पोहोचला आहे, म्हणजे तुम्ही ४,००० भरता. एक क्लेम केला की पुढच्या वर्षी ८,००० भरावे लागतात. नंतर बोनस २०, २५, ३५, ४५ टक्के असा चढत जातो आणि हप्ते ६,४००, ६,०००, ५,२०० आणि ४,४०० येतात. पाच वर्षांत मिळून १०,००० रुपये जास्त गेले. तेव्हा या गाडीसाठी दहा हजारांच्या आतील क्लेम करणे आतबट्ट्याचे आहे. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही तरी बोनस जातो.

११. ऐच्छिक वजावट वाढवून हप्ता कमी करणे योग्य आहे का?

जपून गाडी चालवणाऱ्याला योग्य आहे. मूळ दरपत्रकानुसार १५,००० रुपयांच्या ऐच्छिक वजावटीवर ३५ टक्के सूट मिळते, पण ती जास्तीत जास्त २,५०० रुपये. २,५०० च्या वजावटीवर २० टक्के, कमाल ७५० रुपये. लहान क्लेम तुम्ही करणारच नसाल (प्रश्न १०), तर या रकमेचा धोका तुम्ही आधीच पत्करलेला आहे. परंतु झिरो डेप आणि मोठी ऐच्छिक वजावट एकाच पॉलिसीत घेऊ नये. एका हाताने घेतलेले दुसऱ्या हाताने जाते.

१२. गाडी बारा वर्षांची आहे, बाजारात दीड लाखाची. फक्त थर्ड पार्टी ठेवू का?

गाडीपुरता विचार केला तर हरकत नाही, कारण दहा वर्षांनंतर धातूच्या भागांवरही ५० टक्के कपात होते आणि क्लेममधून फारसे हाती लागत नाही. पण प्रश्न ४ मधील मुद्दा इथेच सर्वांत महत्त्वाचा ठरतो: फुल इन्शुरन्स सोडला की गाडीतील माणसांचे संरक्षणही जाते. म्हणून गाडीत एकटेच फिरत असाल तर थर्ड पार्टी आणि मालक-चालक संरक्षण पुरेसे आहे. कुटुंब बसत असेल तर कमी आयडीव्हीची, ॲड-ऑन नसलेली साधी पॅकेज पॉलिसी घ्यावी.

१३. गाडी महिनाभर अंगणातच उभी असते. तरी पूर्ण हप्ता का भरायचा?

जितका प्रवास तितका हप्ता, अशा तत्त्वावरील पॉलिसींना विमा नियामकाने २०२२ मध्ये परवानगी दिली आहे. वर्षाचे किलोमीटर आधी ठरवायचे आणि त्यानुसार गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात सूट मिळते. थर्ड पार्टीचा हप्ता बदलत नाही. लग्नसराईत गाडी सगळ्या भावकीत फिरत असेल तर किलोमीटर प्रामाणिकपणे मोजून मगच मर्यादा निवडावी.

१४. जुनी गाडी घेतली. आधीच्या मालकाची पॉलिसी अजून सात महिने शिल्लक आहे. ती चालेल का?

थर्ड पार्टीचा भाग कायद्यानेच तुमच्याकडे येतो. गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही. त्यासाठी खरेदीनंतर १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून नाव बदलून घ्यावे लागते. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे, त्यामुळे आधीच्या मालकाच्या बोनसचा फरक भरावा लागेल. उलट तुम्ही जुनी गाडी विकली असेल तर कंपनीकडून बोनसचे पत्र घ्या, ते तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीला लावता येते.

१५. पुणे पासिंगची गाडी नांदेडला चालवतो. हप्त्यात फरक पडतो का?

थोडा पडतो. अहमदाबाद, बेंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे ही शहरे ‘अ’ विभागात येतात, बाकीचा देश ‘ब’ विभागात. मराठवाड्याचे आठही जिल्हे ‘ब’ विभागात असल्याने इथल्या पासिंगच्या गाडीचा मूळ दर किंचित कमी असतो. विभाग नोंदणीच्या ठिकाणावरून ठरतो. थर्ड पार्टीच्या हप्त्याला हा भेद लागू नाही.

१६. गारपीट, बंदमधील दगडफेक किंवा रोही (नीलगाय) आडवा आल्याने झालेले नुकसान मिळते का? त्यासाठी वेगळा विमा लागतो का?

पॅकेज पॉलिसीत ही सगळी नुकसाने येतात. भूकंप, आग आणि चोरीही त्यातच आहे. केवळ थर्ड पार्टीत यातील काहीच मिळत नाही. दगडफेक, जाळपोळ आणि चोरीमध्ये पोलिसांत फिर्याद आवश्यक आहे. रोह्याच्या धडकेत पंचनामा झाला तर उत्तम. निदान जागेवरचे फोटो हवेतच. शेतातल्या शेडमध्ये उभ्या गाडीच्या वायरी उंदरांनी कुरतडल्याचा प्रश्न मात्र कंपनीनुसार बदलतो, तेव्हा तेवढे पॉलिसी घेतानाच लेखी विचारून ठेवावे.

१७. ओळखीच्या लोकांना दवाखान्यासाठी किंवा देवदर्शनासाठी गाडी देतो आणि डिझेलपेक्षा थोडे जास्त पैसे घेतो. विम्याला अडचण येईल का?

येईल. खासगी पॉलिसीत भाड्याने वापर वगळलेला असतो. भाडे घेतल्याचे सिद्ध झाले तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम जाऊ शकतो, आणि थर्ड पार्टीतही कंपनी दायित्व नाकारू शकते किंवा आधी भरपाई देऊन ती तुमच्याकडून वसूल करू शकते. ती रक्कम किती मोठी असते ते प्रश्न २ मध्ये आहे. भावकीतल्या लग्नाला फुकट गाडी देणे वेगळे. नियमित भाडे करायचे असेल तर टॅक्सी परवाना आणि व्यावसायिक पॉलिसी घ्यावी.

१८. बाहेरून सीएनजी किट बसवले आहे. विम्यात काय बदल करावा?

आधी आरटीओकडे नोंदणी पुस्तकात किटची नोंद करून घ्यावी, मग कंपनीला कळवावे. किटच्या किमतीच्या ४ टक्के गाडीच्या भागासाठी आणि ६० रुपये थर्ड पार्टीसाठी, असा जादा हप्ता मूळ दरपत्रकात आहे. नोंद नसलेल्या किटची किंमत तर मिळत नाहीच, पण गाडीला आग लागली तर संपूर्ण क्लेमच वादात सापडतो. कंपनीकडूनच सीएनजी घेऊन आलेल्या गाडीत किटची किंमत आयडीव्हीमध्ये धरलेली असते. तिथे किटची किंमत पुन्हा वेगळी धरली असेल तर ती काढायला सांगावी.